अर्धी बांधलेली वेणी : केशरचनेचे तंत्र, परंपरा आणि स्त्रीचा निर्णयाधिकार

बीजसंज्ञा : केशरचना, वेणी, पेड, फिशटेल वेणी, तेर, केशवपन, जट, श्रमसंस्कृती

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथ व जोगेश्वरी यांचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रभर परिचित आहे. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत. अशा गावांतून परंडा, बार्शी, करमाळा येथील महाविद्यालयांत शिकावयास येणाऱ्या विद्यार्थिनींच्या राहणीत गेल्या दोन दशकांत जे बदल झाले, त्यांपैकी वेश, भाषा व भ्रमणध्वनी यांची चर्चा पुष्कळ झाली. केशरचनेची मात्र फारशी झालेली नाही. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्यांच्या जागी आता वरचे केस बांधून खालचे मोकळे सोडण्याची पद्धत रूढ होत आहे. बांधलेल्या भागाची बारीक नक्षीची वेणी घातली जाते. तिला ब्युटी पार्लरच्या भाषेत 'फिशटेल' असे नाव असून संपूर्ण रचनेस 'हाफ-अप फिशटेल' म्हणतात.

वरवर पाहता हा केवळ हौसेचा विषय वाटतो. परंतु भारतीय समाजात स्त्रीचे केस कधीच तिच्या एकटीचे नव्हते. ते केव्हा बांधावेत, केव्हा सोडावेत, केव्हा कापावेत आणि केव्हा मुळीच कापू नयेत, याचे नियम कुटुंब, जात, देवस्थान व शाळा यांनी ठरविले. या पार्श्वभूमीवर अर्धे बांधलेले व अर्धे मोकळे केस म्हणजे काय, याचा विचार करणे उद्बोधक ठरते. प्रस्तुत लेखात या रचनेचे तंत्र, तिचे प्रकार, तिची पूर्वपरंपरा आणि तिच्याशी निगडित सामाजिक प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

वेणीची शब्दसंपदा

केशरचनेसंबंधी मराठीची शब्दसंपदा समृद्ध आहे. मानेवर गोल गुंडाळलेला तो अंबाडा. ग्रामीण स्त्रियांच्या बोलीत खोपा. केस आखूड असल्यास बुचडा. कपाळाच्या वा कानाजवळच्या बटांपासून घातलेली ती बटवेणी. पाठीवर सोडलेला तो शेपटा. केस बांधण्याच्या दोरीला वा पट्टीला आगवळ म्हणत. वेणी लांब व जाड दिसावी म्हणून जोडल्या जाणाऱ्या कृत्रिम केसांना गंगावन ही संज्ञा होती. मूद, राखडी, अग्रफूल, केवडा, नाग, गोंडे ही केसांत माळावयाच्या अलंकारांची नावे आहेत. त्यांपैकी अनेक शब्द आजच्या विद्यार्थिनींना अर्थ सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

'वेणी' या शब्दाचा विस्तारही लक्षणीय आहे. केसांची ती वेणी, फुलांची ती वेणी आणि माळ्यावर टांगलेल्या लसणाचीही वेणीच. तीन प्रवाहांच्या संगमास त्रिवेणी म्हटले जाते, त्यातही गुंफण्याचीच कल्पना आहे. वेणीच्या एकेका पदराला पेड म्हणतात. आणि हाच शब्द दोरखंड वळणाऱ्यांच्या व्यवहारातही आहे. तीनपेडी दोर आणि तीनपेडी वेणी यांचे नाते शब्दापुरते नाही. सुटे, नाजूक तंतू एकमेकांभोवती फिरवून त्यांना एकत्र टिकविण्याचे हे एकच ज्ञान शेतात दोरासाठी व घरात केसांसाठी वापरले गेले.

अमरकोशात वेणी, प्रवेणी, कबरी, धम्मिल्ल असे वेगवेगळे शब्द येतात. म्हणजेच सुटी वेणी, गुंफलेला केशपाश आणि बांधलेला अंबाडा यांत भेद करण्याची गरज भाषेला फार पूर्वीपासून भासली होती.

रचनेचे तंत्र : तीन पेड आणि दोन भाग

नेहमीची वेणी तीन पेडांची असते. उजवा पेड मधल्यावरून नेला की तो मधला होतो. मग डावा पेड या नव्या मधल्यावरून नेला जातो. ही दोन कृत्यांची आवर्तने अखेरपर्यंत चालतात. प्रत्येक पेड आळीपाळीने कडेला व मध्ये येतो, त्यामुळे ताण सर्वत्र समान वाटला जातो आणि वेणी सहजी सुटत नाही.

फिशटेल वेणीत केसांचे तीन नव्हे, दोनच भाग केले जातात. उजव्या भागाच्या बाहेरच्या कडेची एक बारीक बट उचलून ती त्या भागावरून नेऊन डाव्या भागाच्या आतल्या बाजूस मिळवितात. नंतर डाव्या भागाच्या बाहेरच्या कडेची तेवढीच बट उजव्या भागात मिळवितात. दोन्ही भागांची जाडी कायम राहते, परंतु त्यांतील केस सतत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जात राहतात. बट जितकी बारीक घ्यावी तितकी नक्षी दाट येते आणि वेळही तितकाच अधिक लागतो. बटांचा आकार सारखा ठेवणे व प्रत्येक फेरीनंतर दोन्ही भाग हलकेच ओढून बसविणे, हे यातील कौशल्य होय.

तयार वेणीवर मध्यरेषेकडे तिरप्या येणाऱ्या बटांच्या दोन रांगा दिसतात. या आकृतीला प्रत्येक समाजाने आपापल्या परिसरातील उपमा दिली. इंग्रजीत ती माशाची शेपटी झाली. हिंदी भाषकांनी तिला खजुराच्या झावळीवरून खजूर चोटी म्हटले. फ्रेंच व स्पॅनिश भाषांतील तिच्या नावांत धान्याच्या कणसाचा उल्लेख आहे. गहू पिकविणाऱ्या आपल्या परिसरालाही गव्हाच्या ओंबीची उपमा अधिक जवळची वाटावी, कारण ओंबीतील दाणेही असेच दोन बाजूंनी एकाआड एक बसलेले असतात.

वेणीच्या गुंफणीत गणितही दडलेले आहे. ऑस्ट्रियन गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२५ मध्ये वेण्यांचा गणिती सिद्धान्त मांडला. पेडांची अदलाबदल ही एक क्रिया मानून, अशा क्रिया एकामागून एक केल्यास काय घडते, याची बीजगणितीय रचना त्यांनी उभी केली. ती 'ब्रेड ग्रुप' या नावाने ओळखली जाते. गाठींच्या सिद्धान्तात व भौतिकशास्त्रात तिचा उपयोग होतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आई मुलीच्या डोक्यावर जे करते, त्यात क्रम, आवर्तन व सममिती यांचे नेमके भान असते, हे गणिताच्या अध्यापकांना वर्गात सहज दाखविता येईल.

अर्ध्या वेणीचे काही प्रकार

अर्ध्या बांधणीत एका कानाच्या वरच्या टोकापासून दुसऱ्या कानाच्या वरच्या टोकापर्यंत, डोक्याच्या मागून जाणारी एक आडवी रेषा कल्पावी. तिच्या वरचे केस बांधावयाचे व खालचे सोडावयाचे. केवळ वरचेच केस गुंफावयाचे असल्याने खांद्यापर्यंतच्या केसांनाही ही रचना शोभते. कमरेपर्यंत केस असले तरच वेणी शोभते, हा समज येथे गळून पडतो. या मूलभूत रचनेचे पुढील प्रकार करता येतात.

१. मध्यवर्ती वेणी : वरचे सर्व केस डोक्याच्या मागे एकत्र घेऊन त्यांचे दोन भाग करावेत व मोकळ्या केसांवर रुळणारी एकच वेणी घालावी. शिकणाऱ्यांनी प्रारंभ येथून करावा. प्रथम रबर लावून मग गुंफल्यास पकड सोपी जाते.

२. दोन बटवेण्यांची जोडणी : दोन्ही कानशिलांजवळचे केस घेऊन दोन बारीक फिशटेल वेण्या घालाव्यात आणि त्या मागे नेऊन एकत्र बांधाव्यात. कपाळ मोकळे राहते आणि लिहिताना-वाचताना केस डोळ्यांवर येत नाहीत.

३. कडेची वेणी : भांग एका बाजूस पाडून जड बाजूच्या केसांची वेणी कानामागून मागे वळवावी. दाट केसांना ही विशेष शोभते.

४. वेणीचा छोटा अंबाडा : मध्यवर्ती वेणी पूर्ण झाल्यावर तिच्याभोवतीच गुंडाळून आकड्यांनी बसवावी. खालचे केस मोकळेच राहतात. जुना अंबाडा आणि नवी अर्धी बांधणी यांचा हा मेळ होय.

५. फुलांसह रचना : वेणी जेथे सुरू होते तेथे मोगऱ्याचा किंवा अबोलीचा गजरा आडवा माळावा. गजरा जड असल्यास तो बारीक वेणीला न अडकविता खालच्या घट्ट बांधणीला अडकवावा, म्हणजे वेणी ओघळत नाही. नऊवारीवर राखडी किंवा मूद यांपैकी एखादा अलंकार वेणीच्या मुळाशी बसविता येतो.

दुचाकीवरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनींनी वेणीचा उगम शिरस्त्राणाच्या कडेच्या खाली येईल असा ठेवावा. उंच बांधलेल्या केसांमुळे शिरस्त्राण नीट बसत नाही आणि मग ते घालणेच टाळले जाते.

पूर्वपरंपरा : तेर ते अजिंठा

केस अंशतः बांधून अंशतः सोडण्याची किंवा बारीक गुंफण्याची हौस पाश्चात्त्य अनुकरणातूनच आली, असा समज असल्यास तो तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. धाराशिव जिल्ह्यातीलच तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे सातवाहनकाळातील मोठे व्यापारी केंद्र होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख येतो. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या पुरावस्तूंतून तेथील संग्रहालय उभे राहिले. त्यात दुहेरी साच्यातून घडविलेल्या, केओलिन मातीच्या अनेक मूर्तिका आहेत. त्यांतील स्त्रीमूर्तींच्या मस्तकांवरील केशरचना व शिरोभूषणे बारकाईने घडविलेली आहेत.

तेर येथेच हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही मिळाली. १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथील उत्खननात जी भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली व जी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तिच्याशी तेरच्या व जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या मूर्तींचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. पॉम्पेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. भारतीय कारागिरांनी घडविलेली सालंकृत स्त्रीप्रतिमा दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठी मोलाची मानली जावी, ही घटना 'आपली' केशभूषा व 'परकी' केशभूषा यांच्या सीमारेषा किती पुसट असतात हे सांगण्यास पुरेशी आहे.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत हे वैविध्य अधिक स्पष्ट होते. सतराव्या लेण्यातील आरसा हाती घेतलेल्या शृंगारमग्न स्त्रीचे चित्र प्रसिद्ध आहे. या चित्रांत मानेवर सैल बांधलेले केशपाश, फुलांनी व मण्यांनी गुंफलेल्या बटा आणि खांद्यांवर रुळणारे मोकळे केस एकाच दालनात शेजारी शेजारी आढळतात. बांधलेले की मोकळे, असा एकच पर्याय निवडण्याची सक्ती त्या चित्रकारांच्या जगात दिसत नाही.

बांधलेले केस आणि मोकळे केस

ही सक्ती पुढे साहित्यात व लोकव्यवहारात घट्ट झालेली आढळते. संस्कृत साहित्यात विरहिणी 'एकवेणी' असते. कालिदासाच्या 'मेघदूता'तील यक्षपत्नीची वेणी पतीच्या परतण्यानंतर त्यानेच सोडावयाची आहे. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकाचे नावच द्रौपदीच्या सुटलेल्या केसांवरून पडले. भीमाने ते बांधेपर्यंत तिचा अपमान निवारत नाही. गृह्यसूत्रांतील सीमंतोन्नयन संस्कारात गर्भवतीचा भांग पती पाडतो. या तिन्ही ठिकाणी केस स्त्रीचे आहेत, पण ते सोडणारा, बांधणारा वा विभागणारा हात पुरुषाचा आहे.

लोकव्यवहारात बांधलेले केस म्हणजे घर, शिस्त व सौभाग्य; सुटलेले केस म्हणजे शोक, कोप किंवा दैवी संचार असे समीकरण रूढ झाले. अंगात आलेल्या स्त्रीचे केस सुटतात. तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत, केस मोकळे सोडून दारात उभे राहू नये, असे वडीलधारे सांगत. देवतांच्या बाबतीत मात्र हेच सुटलेपण सामर्थ्याचे लक्षण ठरते. मूर्तिशास्त्रात भैरवाचे केस ज्वाळांसारखे वर उसळलेले दाखविण्याची परंपरा आहे. ज्या समाजाने भैरवाच्या विस्कटलेल्या केसांपुढे हात जोडले, त्यानेच मुलीच्या मोकळ्या केसांवर डोळे वटारले, ही विसंगती सोनारीसारख्या भैरवक्षेत्राच्या संदर्भात नोंदविण्याजोगी आहे.

हादगा-भोंडल्याच्या गाण्यांतही वेणीचे एक मार्मिक स्थान आहे. माहेरी जाऊ पाहणाऱ्या सुनेला सासू कारल्याचा वेल लावण्यापासून एकेक अट घालत जाते, हे प्रसिद्ध गाणे महाराष्ट्रातील बहुतेक स्त्रियांना पाठ आहे. सर्व अटी पूर्ण झाल्यावर फणी येते, वेणी घातली जाते आणि मग माहेरची वाट मोकळी होते. वेणी येथे शृंगारापेक्षा परवानगीची खूण आहे.

डोईवरचे ओझे आणि पाणी

नियमांच्या मागे केवळ श्रद्धाच होत्या असे नाही. श्रमाचाही मोठा वाटा होता. मराठवाड्यातील ग्रामीण स्त्रीच्या डोक्यावर पाण्याची घागर, सरपणाचा भारा, चाऱ्याची पेंढी व शेतातील जेवणाची पाटी असे. डोईवर चुंबळ ठेवावयाची तर टाळूचा भाग सपाट हवा. अंबाडा किंवा खोपा मानेवर खाली बांधण्याची पद्धत या दृष्टीने अत्यंत सोयीची होती. टाळूलगत किंवा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर बांधलेली रचना चुंबळीला आड येते आणि पाठीवर मोकळे सोडलेले केस भाऱ्यात अडकतात. म्हणून अर्धी बांधलेली वेणी ही ओझे वाहणाऱ्या डोक्याची रचना नव्हे. नळ घरापर्यंत येणे, सरपणाऐवजी गॅस येणे आणि मुलीच्या हाती भाऱ्याऐवजी सायकल व एस. टी. चा पास येणे, या घटनांनी ती शक्य केली.

दुसरी बाब पाण्याची. मोकळे केस वारंवार धुवावे लागतात. धूळ व घाम त्यांत लगेच दिसतो. शिकेकाई व रिठ्याने आठवड्यातून एकदा न्हाणे आणि उरलेले दिवस तेल लावून केस घट्ट बांधून ठेवणे, ही कमी पाण्याच्या प्रदेशाला साजेशी व्यवस्था होती. १९७२ चा दुष्काळ, २०१२-१३ ची टंचाई आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आणावे लागलेले पाणी यांचा अनुभव घेतलेल्या या पट्ट्यात घागरभर पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अर्ध्या बांधणीत वरचे केस गुंफलेले राहतात, त्यामुळे पूर्ण मोकळ्या केसांइतका गुंता होत नाही. हा तिचा व्यावहारिक लाभ येथे महत्त्वाचा ठरतो. ज्या घरात आजही टँकरची वाट पाहावी लागते तेथे मात्र ही हौस परवडत नाही. एकाच वर्गातील दोन मुलींच्या केशरचनेतील फरक कधी कधी आवडीचा नसून नळाचा असतो, हे अध्यापकाने ध्यानात ठेवणे उचित.

केसांवरील अधिकार

केस कोणाच्या निर्णयाने राहावेत वा जावेत, हा प्रश्न महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासात थेट उभा राहिला. ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत विधवांचे केशवपन सक्तीचे होते. बालविधवेचे केस काढणे म्हणजे तिला कुरूप करून घराच्या अंधारात बसविणे होते. १८९० मध्ये सत्यशोधक चळवळीतील कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवावा, ही कल्पना विलक्षण होती. आपल्या श्रमाचा उपयोग अन्यायासाठी होऊ द्यावयाचा नाही, असे त्या कारागिरांनी ठरविले. पुढे हिंगण्याच्या संस्थेसाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वपन थांबवून केस वाढविले. 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मकथनातून अशा निर्णयाला किती धैर्य लागत असे याची कल्पना येते.

याच्या अगदी उलट टोकाला जटेचा प्रश्न आहे. केस न विंचरल्याने, तेल, धूळ व मळ साचल्याने ते एकमेकांत घट्ट अडकतात व त्यांची जट होते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला 'प्लायका पोलोनिका' म्हणतात. युरोपातही एके काळी तिच्याभोवती भीती व श्रद्धा होत्या. आपल्याकडे जट हा देवीचा संकेत मानून ती कापणे निषिद्ध ठरविले गेले आणि अनेक मुलींना जोगतीण म्हणून देवाला सोडण्यात आले. जटेच्या ओझ्याने मान दुखते, डोक्यात उवा व जखमा होतात, झोप लागत नाही. तरीही भीतीपोटी स्त्रिया ती वर्षानुवर्षे वाहतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी स्त्रियांशी व त्यांच्या कुटुंबीयांशी वारंवार संवाद साधून, त्यांच्या संमतीने अशा जटा सोडविण्याचे काम केले आहे. महाराष्ट्र देवदासी पद्धती (निर्मूलन) अधिनियम, २००५ हा कायदाही या प्रथेच्या मुळाशी घाव घालणारा आहे. परंतु कायदा जट कापू शकत नाही. त्यासाठी त्या स्त्रीच्या मनातील भय आधी जावे लागते.

केशवपनात केस सक्तीने काढले गेले, जटेत ते सक्तीने राखले गेले. दोन्हींत कंगव्याला मज्जाव होता. या दोन टोकांच्या मध्ये शाळेतील लाल रिबिनींच्या दोन वेण्या येतात. त्यांची तुलना वरील अमानुषतेशी करणे योग्य होणार नाही. त्या नियमामागे स्वच्छता, उवांचा प्रतिबंध व गरीब-श्रीमंतांत समानता असे हेतू होते, आणि ते काही अंशी साधलेही. मात्र शाळेतील नियम जसाच्या तसा महाविद्यालयात आणून मोकळ्या केसांवरून विद्यार्थिनीचे चारित्र्य जोखणे, ही निराळी गोष्ट आहे. अठरा वर्षांची विद्यार्थिनी मतदान करू शकते. ती आपला भांग कोठे पाडावा हेही ठरवू शकते. प्रयोगशाळेत ज्वाळेजवळ किंवा फिरत्या यंत्राजवळ केस पूर्ण बांधणे हा सुरक्षेचा नियम आहे व तो सर्वांना, मुलांनाही, सारखाच लागू असावा. त्यापलीकडे केसांविषयी महाविद्यालयाने बोलावे असे फारसे काही उरत नाही.

आरोग्यविषयक काही बाबी

केस हे केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. ते महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात आणि दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. दिवसभर वेणीत अडकून राहिलेले हे केस वेणी सोडताना एकदम हाती येतात, म्हणून मुली घाबरतात; त्यात चिंतेचे कारण नसते.

ओला केस अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. म्हणून ओल्या केसांची घट्ट वेणी घालू नये. किंचित दमट केसांची सैल वेणी घालून ती वाळल्यावर सोडल्यास केसांना लाटा येतात. पाण्याने केसातील हायड्रोजन बंध तात्पुरते सैल होतात व वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, हे त्यामागील कारण. पुन्हा केस भिजले की लाटा जातात. यासाठी उष्ण यंत्राची आवश्यकता नसते.

रोज एकाच ठिकाणी, विशेषतः कानशिलांजवळ, केस घट्ट ओढून बांधल्यास मुळांवर सतत ताण येतो व तेथील केस विरळ होऊ लागतात. त्वचारोगतज्ज्ञ याला 'ट्रॅक्शन अलोपेशिया' म्हणतात. ताण लवकर थांबविल्यास केस परत येतात. फार उशीर झाल्यास येत नाहीत. बांधल्यावर डोके दुखत असेल किंवा कपाळाची त्वचा ताणली जात असेल, तर बांधणी घट्ट झाली असे समजावे. भांगाची जागा अधूनमधून बदलणे व रात्री वेणी सैल ठेवणे हे उपाय साधे पण परिणामकारक आहेत. उवा डोक्याला डोके लागल्याने पसरतात. वसतिगृहात फण्या-कंगवे वेगळे ठेवावेत, आणि उवा झालेल्या मुलीला वेगळे बसवून लाजवू नये.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. अर्धी बांधलेली फिशटेल वेणी ही नावाने परकी असली तरी गुंफणीचे कौशल्य, पेडांची भाषा व अलंकारांची जोड या तिन्ही अंगांनी ती येथील परंपरेशी जुळणारी आहे. ती रूढ होण्यामागे चित्रपट व भ्रमणध्वनीचा प्रभाव आहेच. परंतु डोईवरचे ओझे उतरणे, पाणी घरात येणे व मुलीचे शिक्षण लांबणे ही अधिक खोलवरची कारणे आहेत. आणि केशवपन व जट यांच्या इतिहासाकडे पाहता, किती केस बांधावे व किती सोडावे हे स्त्रीने स्वतः ठरविणे ही लहान गोष्ट नाही.

महाविद्यालयांनी या विषयाकडे तीन प्रकारे पाहावे असे सुचविता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना स्थान दिले आहे. त्यात केशरचनेचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम घेतल्यास ग्रामीण विद्यार्थिनींना गावातच उत्पन्नाचे साधन मिळू शकते. मराठी विभागाने आगवळ, गंगावन, मूद, बटवेणी यांसारख्या शब्दांचा संग्रह विद्यार्थिनींकडून त्यांच्या आज्यांच्या तोंडून करून घ्यावा. असे शब्द त्या पिढीबरोबर नाहीसे होण्याचा संभव आहे. इतिहास विभागाने तेरच्या संग्रहालयाची सहल काढून तेथील मूर्तिकांच्या केशरचनांची रेखाटने करून घ्यावीत. दोन हजार वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातील एखाद्या कारागिराने मातीच्या इवल्याशा मस्तकावर केसांची एकेक रेघ लक्षपूर्वक उमटविली होती. तेवढ्याच आदराने आजच्या विद्यार्थिनीच्या वेणीकडे पाहणे अवघड नसावे.